संत्र्यांची रास, बारा परीक्षक आणि संगणकाची साक्ष



फळबाजारात संत्र्यांची रास रचणारा विक्रेता गणित शिकलेला असतोच असे नाही. पण तळाचा थर लावून झाला की वरच्या थरातील प्रत्येक फळ तो खालच्या फळांमधील खळग्यात अलगद बसवतो. रास डौलदार दिसते, कोसळत नाही आणि कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माल मावतो. या रचनेत फळे एकंदर जागेचा सुमारे ७४ टक्के भाग व्यापतात, बाकी पोकळी. याहून दाट रचना करता येईल काय, असे त्या विक्रेत्याला विचारले तर तो हसेल. गणितज्ञाला विचारले तर तो गंभीर होईल, कारण या एका साध्या प्रश्नाने त्याच्या जमातीला जवळजवळ चारशे वर्षे झुलवत ठेवले आहे.

प्रश्नाचा उगम तोफगोळ्यांतून झाला. सर वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्द्याच्या पदरी असलेला गणितज्ञ थॉमस हॅरियट याने जहाजावरील गोळ्यांच्या राशीचा विचार केला आणि पुढे योहानेस केप्लरशी त्याचा पत्रव्यवहार झाला. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा तोच हा केप्लर. १६११ साली प्रागमध्ये असताना त्याने आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून हिमकणांच्या षट्कोनी आकारावर एक छोटी पुस्तिका लिहून दिली. गोलांची याहून दाट रचना संभवत नाही, असे त्याने तीत जाता जाता सांगून टाकले. सिद्धता मात्र दिली नाही. तेव्हापासून या विधानाला ‘केप्लरची अटकळ’ हे नाव पडले.

डोळ्यांना दिसते ते सिद्ध करण्यात एवढी अडचण काय? अडचण अशी की गोल रचण्याच्या रीती अनंत आहेत आणि त्यांतील बहुतेक वेड्यावाकड्या आहेत. एखाद्या कोपऱ्यात मूठभर गोल अशा युक्तीने रचता येतात की तेवढ्यापुरती दाटी ७४ टक्क्यांच्या पुढे जाते. मात्र शेजारी कुठेतरी त्याची भरपाई पोकळीने करावी लागते. ही भरपाई प्रत्येक वेळी, प्रत्येक रचनेत करावीच लागते, हे दाखवायचे होते. नियमित जाळीसारख्या रचनांपुरते विधान खरे आहे, हे गाउसने १८३१ मध्ये दाखवले. १९०० साली डेव्हिड हिल्बर्टने नव्या शतकासाठी जे तेवीस प्रश्न मांडले, त्यांतील अठराव्यात हाही प्रश्न आला. पुढे १९५३ मध्ये हंगेरीच्या लास्लो फेयेश तोथ यांनी एक वाट दाखवली : अनंत रचनांचा हा प्रश्न मर्यादित, पण अफाट आकडेमोडीवर आणता येईल आणि ती आकडेमोड कधीतरी संगणक करील. संगणक तेव्हा खोलीभर आकाराचे होते हे लक्षात घेतले, म्हणजे या सूचनेतील दूरदृष्टी कळते.

ती वाट शेवटपर्यंत चालण्याचे काम अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे टॉमस हेल्स यांनी केले. सोबतीला त्यांचे विद्यार्थी सॅम्युएल फर्ग्युसन होते. १९९८ च्या ऑगस्ट महिन्यात हेल्स यांनी सिद्धता पूर्ण झाल्याचे जाहीर केले. तिच्यात सुमारे तीनशे पानांचा मजकूर होता आणि त्याच्या जोडीला संगणकाचे कार्यक्रम व माहिती यांचा सुमारे तीन गिगाबाइटचा संच होता. हजारो संभाव्य रचना यंत्राने एकेक करून तपासल्या आणि बाद केल्या होत्या.

येथे आपल्या परंपरेतील एका शब्दाची आठवण होणे अपरिहार्य आहे : उपपत्ती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, ज्याला आपल्या गणिताची उपपत्ती देता येत नाही, त्याला जाणत्यांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि त्याची स्वतःची शंकाही फिटत नाही. ग्रहलाघवाचे कर्ते, कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, तीत नियमांच्या उपपत्ती विस्ताराने दिल्या आहेत. भारतीय गणित म्हणजे नुसती सूत्रे आणि उत्तरे, हा समज किती अपुरा आहे ते त्यावरून दिसते. (संगणकही आमच्या पोथ्यांत होता, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. जे आहे तेच पुष्कळ आहे.) त्या जुन्या विचारात दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगितल्या आहेत : स्वतःचे निःसंशय होणे आणि सभेची मान्यता. हेल्स यांच्या वाट्याला पुढे जे आले, ते या दोहोंच्या फटीतून आले.

गणिताच्या जगात जी सर्वांत मानाची सभा समजली जाते, त्या ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाकडे ही सिद्धता गेली. एरवी एकदोन परीक्षक पुरतात. येथे बारा नेमले गेले. त्यांचे प्रमुख होते गाबोर फेयेश तोथ, म्हणजे ज्या लास्लोंनी वाट दाखवली त्यांचेच पुत्र. वडिलांनी सुचवलेली आकडेमोड तपासण्याची वेळ मुलावर यावी, असे योग क्वचित येतात. बारा जणांनी चर्चासत्रे घेतली, मजकूर वाचला, भाग वाटून घेतले. चार वर्षे गेली. अखेर २००३ मध्ये त्यांचा निर्णय आला : सिद्धता बरोबर आहे याची आम्हांला नव्व्याण्णव टक्के खात्री आहे, शंभर टक्के ग्वाही मात्र देता येत नाही आणि पुढे कधी देता येईल असेही वाटत नाही, कारण आमची शक्ती संपली आहे.

नव्व्याण्णव टक्के! वैद्यकात, व्यापारात, राजकारणात एवढी खात्री मिळाली तर माणूस पेढे वाटील. गणितात नव्व्याण्णव टक्के म्हणजे अजून काहीच सिद्ध झालेले नाही. परीक्षकांनी कुठेही चूक दाखवली नव्हती, तरी ते ‘बरोबर’ असेही म्हणत नव्हते. उमेदीची वर्षे ज्या कामाला दिली, त्यावर ‘बहुधा खरे’ असा शिक्का मिळावा, ही अवस्था कोणत्याही प्रामाणिक विद्वानाला बोचणारी आहे. परीक्षकांनाही दोष देता येत नाही. तीन गिगाबाइट वाचणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही, हे त्यांनी उघडपणे कबूल केले. तसे न करता नुसती सही ठोकणारे परीक्षक जगात थोडे नाहीत.

हेल्स यांनी यावर रागावून पत्रे लिहिली नाहीत. जे तपासणे बारा माणसांच्या शक्तीबाहेर गेले, ते यंत्राकडून तपासून घ्यायचे, आणि तेही असे की शंकेला जागाच राहू नये, असा संकल्प त्यांनी त्याच २००३ साली सोडला. या कामाला वीस वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज होता. प्रकल्पाचे नाव त्यांनी ‘फ्लायस्पेक’ असे ठेवले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ माशीने पाडलेला बारीकसा ठिपका, आणि त्यावरून बारीकसारीक तपासणी करणे असाही होतो. आपल्याकडे माशी शिंकते. येथे ती नेमकी कुठे शिंकली हे शोधायचे होते.

आता कोणी विचारील, की मुळात संगणकाचा वापर केल्यामुळेच शंका निर्माण झाली, तर ती संगणकानेच कशी फिटेल? शंका रास्त आहे. म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. पहिल्या खेपेला संगणकाने आकडेमोड केली होती. आकडेमोडीचा कार्यक्रम लिहिणारा माणूस चुकू शकतो आणि त्याची चूक उत्तरात दिसत नाही. दुसऱ्या खेपेला संगणकाकडून जे काम घ्यायचे होते ते आकडेमोडीचे नव्हते, पंतोजीचे होते.

दहावीची भूमिती आठवा. पक्ष, साध्य, सिद्धता. प्रत्येक विधानासमोर कंसात कारण लिहायचे : दिलेले आहे, व्युत्क्रम कोन, अमुक प्रमेयावरून. कडक शिक्षक असतील तर एका ओळीचे कारण राहिले तरी गुण कापत. मोठेपणी गणितज्ञ ही शिस्त सोडतो. ‘हे स्पष्टच आहे’, ‘उरलेला भाग याच रीतीने’ असे लिहून तो पुढे जातो आणि वाचणारा जाणकार असल्याने मधल्या पायऱ्या मनात भरून घेतो. सिद्धता-साहाय्यक नावाचे संगणकीय साधन म्हणजे तो दहावीचा शिक्षक, न थकणारा आणि कोणाचीही भीड न बाळगणारा. ‘स्पष्टच आहे’ ही भाषा त्याला समजत नाही. प्रत्येक पायरी मूळ गृहीतकांपासून तर्काच्या ठरलेल्या नियमांनी कशी आली, हे त्याच्या भाषेत लिहून द्यावे लागते. एक कडी निखळली तर तो पुढे जाऊ देत नाही.

आणि या शिक्षकावर तरी विश्वास का ठेवायचा? त्याचीही सोय आहे. हेल्स यांनी मुख्यतः वापरलेल्या ‘एचओएल लाइट’ या जॉन हॅरिसन यांच्या साधनाचा गाभा अवघ्या काहीशे ओळींचा आहे. बाकीचा पसारा कितीही मोठा असला, तरी प्रत्येक पायरीवर अंतिम मोहोर हा छोटा गाभाच उठवतो. लाखो ओळी वाचणे माणसाला जमत नाही. काहीशे ओळी वाचता येतात, आणि त्या जाणकारांनी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत.

काम चिवट होते. गोलांच्या अंतरांविषयीच्या सुमारे हजार असमानता एकेक करून सिद्ध करायच्या होत्या. तेवढ्यासाठीच संगणकांचे सुमारे पाच हजार तास खर्ची पडले. एरवी यंत्र आकडा काही स्थळांनंतर तोडते आणि तेथेच चूक शिरते. म्हणून येथे प्रत्येक संख्या खालच्या आणि वरच्या मर्यादेत बांधून हिशेब करावा लागला. काही भाग ‘इझाबेल’ या दुसऱ्या साधनात झाला. अमेरिका, युरोप, व्हिएतनाम अशा ठिकठिकाणची तरुण मंडळी कामाला लागली. वाटेत असेही आढळले की मूळ लिखाणात खरोखरच एक उणीव राहून गेली होती. ती भरून काढता आली, आणि दुरुस्तीचा लेख हेल्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. म्हणजे तो एक टक्का संशय अगदीच पोकळ नव्हता!

२०१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या घोषणेला सोळा वर्षे होत असताना, फ्लायस्पेक पूर्ण झाला. वीस वर्षांचा अंदाज अकरा वर्षांत आटोपला. २०१७ मध्ये सिद्धतेचा लेख छापला गेला तेव्हा त्यावर बावीस जणांची नावे होती. बारा परीक्षकांनी जेथे हात टेकले, तेथे बावीस जणांनी यंत्राच्या साक्षीने काम तडीस नेले.

या विषयातील दुसरे प्रसिद्ध उदाहरण नकाशांचे आहे; ते थोडक्यात सांगितले तरी पुरे. शेजारशेजारच्या प्रदेशांना वेगळा रंग द्यायचा तर कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात, ही गोष्ट १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाच्या लक्षात आली. १८७९ मध्ये आल्फ्रेड केंप यांनी सिद्धता दिली, ती सर्वमान्य झाली, आणि अकरा वर्षांनी पर्सी हीवुड यांनी तिच्यातील भगदाड दाखवले. अकरा वर्षे जाणत्यांची सभा एका चुकीपुढे मान डोलवत होती. १९७६ मध्ये इलिनॉयचे ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या साहाय्याने प्रश्न सोडवला, तर अनेकांनी नाके मुरडली. २००५ मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी ‘कॉक’ या साधनात (अलीकडे त्याचे नामांतर ‘रॉक’ असे झाले आहे) सगळी सिद्धता तपासून घेतली आणि वाद मिटला.

पण ज्या गणितात संगणकाची आकडेमोडच नाही, जे कागदावर लिहिले व वाचले जाते, तेथे तरी सगळे आलबेल असते काय? व्लादिमीर व्होयेवोद्स्की यांची कथा या बाबतीत विचार करायला लावणारी आहे. २००२ मध्ये गणिताचे सर्वोच्च समजले जाणारे फील्ड्स पदक मिळालेला हा रशियन गणितज्ञ. तरुणपणी एका सहकाऱ्यासह त्यांनी जो शोधनिबंध लिहिला, तो चुकीचा असल्याचे कार्लोस सिम्प्सन यांनी १९९८ मध्ये प्रतिउदाहरण देऊन दाखवले. तरी चूक निबंधात आहे की प्रतिउदाहरणात, हे वर्षानुवर्षे कोणी तड लावून पाहिले नाही. स्वतः व्होयेवोद्स्कींची खात्री पटायला २०१३ साल उजाडले. मग त्यांनी ते लपवले नाही. विश्वासू माणसाने लिहिलेला, तपासायला अवघड आणि ओळखीच्या वळणाचा युक्तिवाद सहसा कोणी बारकाईने तपासतच नाही, अशी कबुली त्यांनी जाहीरपणे दिली. नाव मोठे असले की परीक्षण ढिले पडते. हा दोष गणितज्ञांपुरता आहे असे कोणी समजू नये. २०१७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी आपली शक्ती यंत्राने तपासता येईल अशा गणिताचा पाया घालण्यात वेचली.

येथे यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर एका देवाऱ्यातून मूर्ती काढून दुसरी बसवल्यासारखे होईल. साहाय्यक सिद्धता तपासतो. साध्य तपासत नाही. ‘दाटी’ची व्याख्याच चुकीची लिहिली, तर यंत्र त्या चुकीच्या व्याख्येवर आधारलेले प्रमेय काटेकोरपणे सिद्ध करून देईल आणि ते केप्लरच्या प्रश्नाचे उत्तर नसेल. म्हणून अंतिम विधान व त्यातील व्याख्या माणसांनीच डोळ्यांत तेल घालून वाचाव्या लागतात. दिलासा एवढाच, की तीनशे पानांच्या जागी आता थोडा मजकूर वाचायचा असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सध्याच्या गाजावाजात हा भेद विसरला जातो. आज संगणक गणिताची ओघवती भाषा लिहू लागला आहे आणि चुकीची गोष्टही तो तितक्याच ऐटीत लिहितो. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील प्रश्न गूगल डीपमाइंडच्या प्रणालींना घातले, तेव्हा त्यांनी ४२ पैकी २८ गुण मिळवले. सुवर्णपदकाची रेषा २९ वर होती. त्यांतील ‘आल्फाप्रूफ’ ही प्रणाली आपली उत्तरे ‘लीन’ या सिद्धता-साहाय्यकाच्या भाषेत लिहीत होती, म्हणजे चूक असेल तर ती तेथल्या तेथे अडत होती. मात्र प्रश्न त्या भाषेत मांडून देण्याचे काम माणसांनी केले आणि मुलांना दोन दिवसांत मिळून नऊ तास मिळतात तेथे यंत्राने एका प्रश्नाला तीन दिवसांपर्यंत वेळ घेतला, हे बातम्यांच्या मथळ्यांत आले नाही. जे लिहिणार त्याच्यावर विश्वास नसला तरी चालेल, जे तपासणार ते चोख हवे, अशी ही मांडणी आहे.

एक आक्षेप मात्र उरतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. खात्री मिळाली, पण समज मिळाली काय? जर्मनीचे पीटर शोल्झे यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच एका कठीण प्रमेयाविषयी मनात शंका असल्याचे जाहीर केले आणि ते लीनमध्ये तपासून दाखवण्याचे आवाहन केले. फील्ड्स पदकविजेत्याने असे म्हणावे यातच मोठेपणा आहे. योहान कोमेलिन यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनी सहा महिन्यांत अवघड भाग आणि जुलै २०२२ पर्यंत सगळे काम पुरे केले. तपासणीच्या ओघात सिद्धतेचे मर्म आपल्यालाही अधिक स्वच्छ कळले, असे शोल्झे यांनी सांगितले.

याहूनही बोलके उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अपूर्व खरे यांच्याकडून आलेला एक प्रश्न टेरेन्स ताओ या विख्यात गणितज्ञांनी डिसेंबर २०१७ मध्ये सार्वजनिक चर्चेसाठी मांडला. काही क्रिया अशा असतात की त्यांचा क्रम बदलला तर फळ बदलते. आधी मोजे मग बूट, आणि आधी बूट मग मोजे, हे एक नव्हे. अशा क्रियांना ‘लांबी’ देता येईल काय, की तीच क्रिया दोनदा केली तर लांबी नेमकी दुप्पट व्हावी? दोन क्रियांचा क्रम उलटल्याने जो फरक पडतो, त्याची लांबी किती हा प्रश्नाचा गाभा होता. ती शून्यच असावी लागते हे दाखवता आले, तर अशी लांबी देणे अशक्य ठरते. अनेकांनी हाताने प्रयत्न केले; मर्यादा थोडी थोडी खाली येत होती, पण वाट दिसत नव्हती.

त्याच संस्थेतील सिद्धार्थ गाडगीळ यांनी संगणकाला कामाला लावले. त्यांच्या कार्यक्रमाने पायरीपायरीने एक सिद्धता शोधून काढली. ती नुसता आकडा सांगणारी नव्हती. माणसाला वाचता येईल अशा ओळींत उतरवलेली होती. वाचायला मात्र रुक्ष. या ओळीवरून ती, तीवरून पुढची, हेतू कोठेच सांगितलेला नाही. अमेरिकेतील पेस नील्सन यांनी ती चिकाटीने वाचली. यंत्र एक युक्ती पुन्हा पुन्हा वापरत आहे असे त्यांना आढळले. यंत्राला अर्थातच आपण काही युक्ती करत आहोत याचा पत्ता नव्हता. ती युक्ती बाजूला काढून स्वच्छ केली आणि इतरांनी ती हवी तितक्या वेळा लावून पाहिली, तशी मर्यादा खाली घसरत गेली. अवघ्या काही दिवसांत उत्तर हाती आले : ती लांबी शून्यच.

२०१८ मध्ये हा निबंध ‘पॉलीमॅथ’ या सामुदायिक नावाने प्रसिद्ध झाला. फ्रिट्झ, गाडगीळ, खरे, नील्सन, सिल्बरमन आणि ताओ, अशी सहा माणसे त्यामागे होती. त्यांतील दोघे बंगळुरूचे. अंतिम सिद्धता छोटी आहे, कागद-पेन्सिल घेऊन कोणाही अभ्यासकाने तपासावी अशी. तिच्यात संगणकाची एकही ओळ नाही. गाडगीळ यांनी पुढे त्याच संस्थेत लीनचा आधार घेऊन सिद्धता आणि संगणकीय कार्यक्रम यांचा एकत्रित अभ्यासक्रम शिकवायला घेतला, आणि आपली विधाने यंत्रासमोर मांडून ‘कारण लिहा’ हा दहावीतला आदेश पुन्हा ऐकायला तेथे उच्च गणिताचे विद्यार्थी बसू लागले.